हा टाका माझा नाही

हॅलो? … सापडली! अहो, सापडली! उतरा त्या झाडावरून खाली, कुणी बघितलं तर चोर समजतील… राणी सापडली! जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि कुठे होती सांगितलं तर तुम्ही कपाळावर हात मारून घ्याल…

हॅलो? … अहो, बोला ना काहीतरी. … आनंदानं वाचा बसली का?

कोण? …

अय्या. तू आहेस होय.

नाही, नाही… म्हणजे हो. मला वाटलं तुझे दादा. अगं, दोन्ही हातांत बाही आहे, नंबर कुठे बघणार? उचलला, खांद्यात धरला आणि सुटले. … तू कशी आहेस? जेवलीस का? मानेचे टाके ओढतायत अजून? … थोडे? थोडे ओढणारच. माझ्याकडे आली असतीस तर मी आतून तुरपाई करून दिली असती, दिसलेही नसते.

काय सापडली? … कुठे काय. बॉबिन. मशीनची बॉबिन सापडली, सकाळपासून शोधत होते.

‘राणी’ म्हणाले? छे. … ‘जिवंत’ म्हणाले? बॉबिन कशी जिवंत असेल, काहीतरीच तुझं. … तुझे दादा झाडावर कशाला… ते… ते बॉबिनच…

बरं. … बरं बाई, हसू नकोस, टाके ताणतील. सांगते. पण आधी मला सांग, पडून आहेस ना? उशी नीट आहे? … शेजारच्या खाटेवरच्या आजी ऐकतायत? ऐकू दे. त्यांनाही करमणूक. … नाही, थांब, तू नंतर बोल. आधी माझं होऊ दे, नाहीतर माझा धीर जाईल.

हे बघ, सापडलीये. हे पहिलं लक्षात ठेव. शेवट गोड आहे. आता मधलं सांगते, ते कडू आहे, पण ते ऐकताना शेवट गोड आहे हे विसरायचं नाही. … हो. … शपथ.

तुझी राणी परवापासून हरवली होती.

…

हॅलो? … आहेस ना? … अगं, ओरड तरी. मी परवापासून तुझं ओरडणं कानात घेऊनच वावरतेय, एकदाचं खरं ऐकू दे.

हो, परवापासून. म्हणजे काल सकाळी तू फोन केलास तेव्हाही ती नव्हती. संध्याकाळी केलास तेव्हाही नव्हती. … हो, मीच म्हणाले मध चाटला म्हणून. … तेही मीच म्हणाले. … हो, ‘आज राणी खुशीत दिसली, हसल्यासारखी वाटली’ असंही म्हणाले. … अगं, मला काय माहीत मुंगी हसत नाही! तू रोज तिचं इतकं काही सांगतेस, मला वाटलं हसतही असेल. … आता तू हस, मी ऐकते.

मग काय करणार होते? तुझा रिपोर्ट यायचा उद्या. मानेतली गाठ काढून ती माणसं तपासायला घेऊन गेलीयेत, तू तिथे एकटी छताकडे बघत पडलीयेस, आणि मी तुला काय सांगू? की बाई, तू एका राणीपासून वाढवलेलं अख्खं गणगोत मी एका सकाळीत…

काय म्हणालीस?

‘माहीत होतं’?

काय माहीत होतं? … थांब. थांब, थांब, थांब. कुणी… दादांनी! … कधी? परवाच? … अगं, मी त्यांना माझ्या गळ्याची शपथ घातली होती! मान हलवून, तोंडाला कुलूप लावल्याची खूण करून गेले होते. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. … रडले? तुझे दादा फोनवर रडले? … मुंगीसाठी?

आणि तू… म्हणजे काल मी ते मधाचं आणि हसण्याचं सांगत होते, तेव्हा तुला सगळं माहीत होतं? … आणि तू ‘हो का वहिनी, अरे वा वहिनी’ करत होतीस? … आणि वर मला विचारलंस, ‘कोणत्या बाजूच्या फांदीवर बसलीये?’ मी म्हटलं डाव्या. … दुष्ट आहेस तू. पक्की नणंद आहेस.

का नाही बोललीस? …

…

मला बरं वाटावं म्हणून. … म्हणजे मी तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतेय, आणि तू मला बरं वाटावं म्हणून खोटं ऐकतेयस. वा. आणि मधल्या मधे दोघींना बरं काही वाटत नव्हतंच.

मास्तर, बर्फ सोडू नका. वितळला तर दुसरा देते. … नाही, तुला नाही, इथे एक गिऱ्हाईक बसलंय. सांगते. त्याचाही यात भाग आहे.

दादांनी काय सांगितलं, कसं झालं म्हणाले? … वारा. हं. वाऱ्यानं घरटं उसवलं. … नाही गं. ते मी त्यांना सांगितलेलं. वारा नव्हता. पान हलत नव्हतं परवा.

मी उसवलं.

हो. मी. … अगं ऐक ना… ऐक. परवा सकाळी त्यांना खाऊ द्यायला गेले. मध काडीच्या टोकाला लावून, तू दाखवलंस तसा. उकडलेल्या अंड्याचा कण, तोही दिला. लिंबाच्या कुंडीखालच्या ट्रेमधलं पाणी बदललं, त्यात साबणाचा थेंब घातला, म्हणजे ओलांडून बाहेर येणार नाहीत. सगळं अगदी तुझ्या हुकमाप्रमाणे. … हो, लिंबाच्या झाडाला हातसुद्धा लावला नाही. … तोवर नाही.

मग वरच्या फांदीवरच्या मोठ्या घरट्याकडे नजर गेली. … तेच, पानाला पान शिवलेलं, चेंडूएवढं. त्याला एक पांढरा दोरा लोंबत होता. एवढास्सा. … आता तूच सांग, परवा आमच्याकडे पांढऱ्या सॅटिनचं काम. घरभर दोरे. केसांत दोरे, चहात दोरे, तुझ्या दादांच्या मिशीत दोरा. मला वाटलं आपलाच एखादा उडून चिकटला. आणि लोंबता दोरा दिसला की माझा हात काय करतो, तुला माहीत आहे.

… हो, तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पाठीवरचाही मीच कापला होता, भर समारंभात. ते भाषण करत होते. नको काढूस ते आता.

कात्री गळ्यातच होती. कच्. …

हो. कापला. … आणि कापून थांबले असते तर गोष्ट वेगळी. मी ओढला.

अगं, शिवण उसवावी तशी उसवली! टर्रकन नाही, अगदी सावकाश, एकेक टाका सुटत. पान बाजूला झालं आणि आतून काय त्या बाहेर आल्या! लालेलाल. तोंडात पांढरी पिल्लं धरलेली, पोटाची मागची टोकं वर केलेली, आणि तो आंबट वास, नाकात जाऊन बसला. इतकी वर्षं लोकांचं उसवलेलं शिवतेय, आणि एका घराचं शिवलेलं मीच उसवलं.

किंचाळले. दुसरं काय करणार? मागे सरले, टेबलावर चढले. गळ्यातली मापाची टेप तेवढ्यात निसटली. एक टोक लिंबाच्या फांदीत अडकलं, दुसरं कपडे टांगतो त्या दांडीवर. … हो. … हो ना. पूल. पाण्यात उतरायची गरजच पडली नाही त्यांना. मीच पूल बांधून दिला, तोही इंच मोजून.

मी टेबलावर. तुझे दादा घरात नाहीत. खाली उतरायची छाती होईना. बऱ्याच वेळानं उतरले तर घरटं रिकामं, आणि टेपवरून एक रांग दांडीवर, दांडीवरून खिडकीवर, खिडकीतून बाहेर. मी म्हटलं, गेल्या. राणीला घेऊन गेल्या. … नाही गं, दांडीवरचे कपडे झटकले होते! एकूण एक झटकला. दोन बायकांचे झगे, कुणाची विजार, ते सॅटिन… काही नाही. तेव्हापासून तुझे दादा गल्लीतली झाडं धुंडाळतायत. भाजीवाल्या बाईच्या अंगणातल्या झाडावर चढले तर तिनं खालून शिडी काढून घेतली. आता बहुतेक पलीकडच्या बागेत असतील. फोन लागत नाही, मीच म्हटलं वाजू नये म्हणून बंद ठेवा, राणी दचकेल. … बरोबर आहे तुझं, मुंगीला रिंग ऐकू येत नाही. आता सगळं कळतंय.

एक मिनिट. तू काहीतरी सांगायला बघतेयस मघापासून. … नंतर? चालेल. आधी माझं राहिलेलं एक ऐक, मग सापडल्याचं सांगते.

तू दवाखान्यात जाताना दारात काय म्हणालीस? … आठव. … चप्पल घालताना. … ‘वहिनी, राणीला जप. ती आहे तोवर मला काही होत नाही.’ … हो, गंमत केलीस. माहीत आहे. तू गंमतच करतेस, दात काढायला गेलीस तेव्हाही गंमत करत गेलीस. पण मी ते ऐकलं ना गं. … मी कुठली असलं मानतेय! मांजर आडवं गेलं तर मी थांबते ती मांजराला घाई असेल म्हणून. पण परवापासून सुईत दोरा जात नव्हता. जरा डोळे मिटले की कात्रीचा तो कच् ऐकू यायचा. मी घाबरले होते. मुंगीसाठी नाही.

… हं. … हं, कळलं तुला. बास. पुढे जाऊ दे मला.

हां, तर आज. मास्तर आले. … बँडमास्तर गं, मोठ्या मिशांचे. ते हिरवे कोट, सोनेरी दोऱ्यावाले, आपल्याकडेच दुरुस्तीला असतात ना? आज संध्याकाळी त्यांचा बागेत कार्यक्रम. कोट कमरेत सैल करायला दिला होता. पोट वाढलंय. … ऐकलं त्यांनी. मास्तर, मी प्रेमानं म्हणतेय.

कोट दांडीवरच होता, पण प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणून तो एकटा झटकला नाही. पिशवी वरून बंद असते, खालून उघडीच की! हे मला सुचायला नको? शिवणकामात जन्म गेला आणि अक्कल पिशवीत अडकली.

तर मास्तर म्हणाले, घालून बघतो. उजवा हात गेला. डावा घातला, कोपरापर्यंत गेला आणि अडला. पुन्हा ढकलला. मला म्हणतात, ‘बाई, बाहीचं तोंड शिवून टाकलंत की काय?’ मला राग आला. म्हटलं, मास्तर, तुमच्या अख्ख्या बँडला कपडे घातलेत मी, बाही शिवून टाकायला मी काय… आणि बघते तर कफ खरंच शिवलेला.

पांढऱ्या दोऱ्यानं. … आता हिरव्या कोटाला मी पांढरा दोरा लावेन? मेले तरी लावणार नाही. … बोट फिरवलं त्यावरून. इतकं बारीक, इतकं एकसारखं! जाळी म्हणावी तर जाळी नाही, रेशमाचा कागद म्हणावा तसं. कुठे गाठ नाही, कुठे सुरुवात केली कळत नाही. मी म्हटलं, ‘मास्तर, हा टाका माझा नाही.’ आणि तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ओरडले, ‘हलू नका, राणी आहे!’ मास्तरांना वाटलं बाईंना भ्रम झाला. आणि तेवढ्यात त्यांना चावल्या.

… अगं, त्यांच्या ट्रम्पेटमधूनही इतका वरचा सूर कधी निघाला नसेल! समोरचा चावीवाला दुकान सोडून धावत आला. … नाही, मास्तर बरे आहेत. कोपराला लाल झालंय, बर्फ धरलाय, चहा पितायत, आता हसतायतही. भला माणूस. मी म्हटलं झटकू नका, तर इतका चावा खाऊन पुतळ्यासारखे उभे राहिले, मी कोट काढून घेईपर्यंत. कोण करतं एवढं परक्या मुंग्यांसाठी?

बघितली ना! तेच सांगतेय. खांद्याच्या बाजूनं आत टॉर्च मारला. गच्च भरलेल्या. आणि मधोमध ती. … हो, हिरवट. … हो, पोट जाड, चकचकीत, बाकीच्यांच्या दुप्पट. … पंख नव्हते. … चालत होती! मजेत नसेल, पण चालत होती, आणि बाकीच्या तिच्याभोवती गराडा घालून. उजेड पडला तशा तिच्या अंगावरच चढल्या, झाकून टाकली तिला. … पाय? पाय नाही मोजले बाई. घरी येऊन तू मोज.

रडतेयस का? … मग नाक कशाला ओढतेयस? … आजी विचारतायत? सांग त्यांना, सापडली म्हणून. … काय म्हणाल्या? … ‘मुलगी सापडली का?’ हो म्हण. त्याहून निराळं काय आहे?

आणि खिडकीतून गेलेल्या? त्या वाट शोधायला गेल्या असतील, परत येतील, तूच म्हणतेस ना, त्यांना घरचा रस्ता बरोबर कळतो. … येतायत बघ, आताच एक आली खिडकीवर.

आता ऐक, मी काय केलं. कोट परत देणं भाग. राणी आत. बाही झटकायची सोय नाही. मग मी मुंढा उसवला. … हो, खांद्यापासून गोल सगळी शिवण सोडवली, अगदी हलक्या हातानं, आणि अख्खी बाही कोटापासून वेगळी करून लिंबाला बांधली. … हो, झाडाला! वरच्या फांदीला, सुतळीनं. लोंबतेय हिरवी बाही, सोनेरी दोरीसकट. कुणी आलं तर म्हणेल यांच्या लिंबाला हात फुटला. … टेप काढली. पहिली ती काढली. ट्रेमध्ये पाणी काठोकाठ.

… नाही, बाहेर काढलं नाही त्यांना. जमेल तेव्हा आपल्या पायांनी पानांत जातील. … लागल्यासुद्धा कामाला! अगं, मी तासभर तेच बघत बसले होते. दहा-बाराजणी एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात, पान ओढतात, बाहीच्या कडेला आणतात. आणि मग एक येते, तोंडात पिल्लू धरून. इकडे टेकवते, तिकडे टेकवते, इकडे, तिकडे… आणि दोरा पिल्लातून निघतोय! तू सांगितलं होतंस मला, मी कधी नीट बघितलंच नव्हतं. म्हटलं मुंग्या त्या मुंग्या. लोक घरातल्या हाकलतात, आमच्या घरात पाळतात. … हो, म्हणाले होते मी, ‘एक तर या राहतील, नाहीतर मी.’ विसर ते. माझी पोर तान्ही होती तेव्हा तिला मांडीवर घेऊन मी बटणांची काजं करायचे, आठवतंय तुला? एका हातानं थोपटायचं, एका हातानं काज. तेच करतायत त्या. फक्त त्यांनी पोरालाच सुई केलंय, तेवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आलं असतं तर पोर कामाला तरी लागली असती.

मास्तरांची बाही? नवी करतेय, त्यांच्या कोटाचाच तुकडा शिल्लक होता. थोडा फिकट आहे, पण बँडमास्तरच्या हाताकडे कोण बघतं, तोंडाकडे बघतात. … मास्तर, नाही दिसणार म्हणतेय ती. … दिसली तर सांगा, नवीन फॅशन.

हां. झालं माझं. हुश्श. तीन दिवसांचं एकदम बाहेर पडलं, छाती हलकी झाली बघ. आता तू रागाव हवं तर. … नाही? … खरंच नाही? कात्रीबद्दलसुद्धा नाही? … कात्री घेऊन झाडाजवळ जाणार नाही. तुझ्यापुढे दोन्ही हात वर करून उभी राहीन, तपासून घे.

बोल आता. मघापासून तू काय सांगत होतीस? …

काय आलंय?

रिपोर्ट उद्या ना? …

आज? … आज आला? कधी? … सकाळी? म्हणजे तू… म्हणजे तू त्यासाठीच फोन केला होतास? … मग बोलली का नाहीस, इतका वेळ मी बॉबिन आणि बाही आणि… मी बोलू दिलं नाही. हो. नाही दिलं. … थांब. आत्ता नको बोलूस. मशीन थांबवते. … पाय काढला. फोन हातात घेते नीट. …

बोल.

…

परत बोल.

साधी? … चरबीची? … म्हणजे ते नाही? … ते नाही ना? तू शब्द बोल, मी तो शब्द तोंडातून काढणार नाही. … डॉक्टर स्वतः म्हणाले? तुझ्या तोंडावर? … तुला बरं वाटावं म्हणून नाही ना? नाही, आपल्या घरात हल्ली सगळेच एकमेकांना बरं वाटावं म्हणून… … तू स्वतः वाचलंस? दोनदा? आजींनीही वाचलं? आजींना वाचता येतं ना? …

काही नाही. … काही नाही म्हणजे काही नाही. … पुन्हा यायचं नाही, फक्त टाके काढायला यायचं. …

मास्तर, माझ्या नणंदेची गाठ साधी निघाली हो! … काही नाही तिला! … मास्तर उभे राहिले बघ. बर्फ पडला हातातला. नमस्कार सांगतायत तुला.

काय? … हो, तेही खरंच. … सकाळी तू रिपोर्ट वाचलास तेव्हा राणी हरवलेलीच होती. … म्हणजे तिचा आणि तुझा काही संबंध नाही. … हं. तू म्हणतेस ते बरोबर आहे. … पण बघ ना, हरवली कुठे होती ती? माझ्या डोक्यावर टांगलेली होती, एका बाहीत, सगळ्या पोरीबाळींना जवळ घेऊन. आम्हालाच दिसत नव्हती. … नसू दे संबंध. मी तिला आज मध जास्त देणार. तू अडवायचं नाहीस.

केव्हा सोडणार? … परवा? मग दादांना पाठवते. … मीच येते. झाडावरून उतरलेले दादा कुठे आणतेस दवाखान्यात, पानं असतील डोक्यात. … नाही, बाही काढणार नाही. राहू दे तशीच झाडाला. तू आल्यावर बघ. आतून त्यांचा टाका, बाहेरून माझा.

हं. … हं. … जेव नीट. … हो, दादांना तूच सांग, तू सांगितलंस तर ते पुन्हा रडतील, मला नको तो प्रकार गिऱ्हाइकासमोर.

ठेव आता. … अगं ठेव ना. … कारण मला रडायचंय. … नाही, तुझ्या कानात नाही रडणार. परवापासून मेहनत करून थांबवलंय. … ठेव. … तू आधी ठेव. …

ठेवलास? …

हॅलो? …

मास्तर, तुम्ही जरा तिकडे बघा.